नंबर प्लेटवरचं अर्धं अक्षर

१

"बाई, तुम्हाला चष्मा लागलाय का हो?"

कोतोनेच्या तोंडून प्रश्न सुटला आणि सुलेखनाच्या वर्गात सव्वीस ब्रश जागच्या जागी थबकले. कुणाच्या तरी ब्रशावरून शाईचा थेंब कागदावर पडला. तो पडलेला ऐकू आला, असं माओ नंतर शपथेवर सांगत होती.

पैज माओ आणि रिसाचीच. "भाषणाच्या स्पर्धेत पहिली आल्यापासून फार धीट झालीयस ना तू? मग विचार ओबाबाईंना. नाही विचारलंस तर आठवडाभर आमच्या बुटांतला बर्फ तू झाडायचा." बुटांचं सोडा, कोतोनेला हा प्रश्न खरंच विचारायचा होता. पैज हे नुसतं निमित्त.

ओबाबाईंचं वय एकोणसत्तर. त्या रागावल्या की आवाज चढत नाही, उतरतो. आणि उत्तर जपानातल्या तोकिबेत्सु गावात त्यांच्या नजरेवर शंका घ्यायची म्हणजे सूर्याला दिवा लागतो का विचारण्यासारखं. कागदावर केसाएवढी रेघ वाकडी गेली तरी वर्गाच्या दुसऱ्या टोकाहून त्यांना दिसायची.

पण सगळं प्रकरण त्यांच्या त्या नजरेवरच उभं होतं.

गेल्या गुरुवारी दुपारी चारला शाळेच्या वळणावर काकुता आजोबांना एका गाडीनं उडवलं. डिसेंबरातले चार, म्हणजे दिवे लागलेले. पिवळं निशाण हातात धरून पोरांना रस्ता ओलांडून देणं हे आजोबांचं अकरा वर्षांचं व्रत. गाडीची शेपूट बर्फावरून घसरली, आजोबा पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि गाडी निघून गेली. आजोबांना पांढऱ्या धुरळ्यापलीकडे काही आठवत नव्हतं. शाळेच्या फाटकात उभ्या असलेल्या ओबाबाईंनी तेवढी गाडी पाठमोरी पाहिली. पांढरी, लहान, आणि नंबर प्लेटवर अक्षर 'वा'. पुढचा आकडा बर्फाखाली.

'वा' म्हणजे भाड्याची गाडी, हे तिथं शेंबडं पोरही सांगतं. आणि हिवाळ्यात अख्ख्या तोकिबेत्सुत भाड्याची गाडी एकच होती. नव्या डॉक्टरीणबाईंची, क्यानबाईंची.

"शाळा सुटल्यावर थांब," ओबाबाई म्हणाल्या. आवाज इतका उतरला होता की पहिल्या रांगेलाच ऐकू आला.

२

वर्ग रिकामा झाला. माओ आणि रिसा दाराबाहेर कान लावून.

"बोल. कशावरून चष्मा?"

"बाई, रागावू नका." कोतोनेचे गुडघे कापत होते. पण गुडघे आणि तोंड यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे तिला ऑक्टोबरातच कळलं होतं. भाषणाच्या आदल्या दिवशी ती थरथरत दवाखान्यात गेली तेव्हा डॉक्टर क्यान म्हणाल्या होत्या, "कापू दे की गुडघे. तू कुठं गुडघ्यांनी बोलणार आहेस?" गोळी नाही, औषध नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी कोतोने पहिली आली होती. "शुक्रवारी गावाची सभा आहे. क्यानबाईंना ठेवायचं की ओकिनावाला परत धाडायचं, हे ठरणार. तीन वर्षं आपल्याकडे डॉक्टर नव्हता बाई. आणि आता दवाखान्यात कुत्रं फिरकत नाही. सगळं तुमच्या एका अक्षरावर."

ओबाबाईंनी कागद पसरला, ब्रश बुडवला आणि म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही ना? हातावर ठेव. जे पाहिलं ते काढते."

उभी रेघ उतरली. डावीकडून तिला अडकून नागमोडी आली. मग ब्रश वर चढून उजवीकडे वळायला लागला, आणि तिथंच थांबला. बाईंनी पुन्हा बुडवला, पुन्हा काढलं. पुन्हा तिथंच थांबला. तिसऱ्यांदाही.

आता 'वा' आणि 'ने' या इथल्या लिपीतल्या जुळ्या बहिणी. उभी रेघ तीच, नागमोडी तीच. फरक फक्त उजवीकडच्या शेपटीत. 'वा'ची शेपटी गोल फिरून मोकळी सुटते, 'ने'ची शेवटी गाठ मारते. आपल्या 'भ' आणि 'म'चं डोकं झाकलं की भाताची मात होते, तसंच इथं शेपटी झाकली की होतं. आणि 'ने' तर गावातल्या कुणाच्याही घरच्या गाडीवर असतं.

"शेपूट मी पाहिलीच नाही," ओबाबाई हळूच म्हणाल्या. "तिथं बर्फ होता."

"मग 'वा' कुठून आलं, बाई?"

"त्या दिवशी सकाळी शिक्षकांच्या खोलीत हाच विषय. परगावची बाई, भाड्याची गाडी, कधी कुणाला तरी धडकणार." त्यांनी ब्रश खाली ठेवला. "अडतीस वर्षं पोरांना सांगतेय, कागदावर नाही ते डोळ्यांनी भरू नका. आणि मीच भरलं."

कोतोनेला एकदम त्यांच्या हाताला हात लावावासा वाटला, पण तेवढी धीट ती अजून झाली नव्हती.

"अजून काही आठवतं? काहीही."

"जेवढं दिसलं तेवढं ओलं होतं. ताज्या शाईसारखं चमकत होतं." बाई उठल्या. "मी आत्ता चौकीत जाते. पण पोरी, एक लक्षात घे. ते 'वा' नव्हतं असं मी सांगू शकत नाही. ते काय होतं हे मला माहीत नाही, एवढंच सांगू शकते. त्यानं ती सुटत नाही."

३

ती सुटली नाहीच. चौकीतले दोबाशीसाहेब भला माणूस, पण एकदा गाडी रुळावर चढली की चढली.

"ओबाबाईंचं वय झालं. दोनदा विचारलं तर कुणीही गडबडतं," ते कोतोनेला म्हणाले. बुधवार होता. स्टोव्हवर किटली कुरकुरत होती. "आणि त्या डॉक्टरीणबाईंचं मला सांगू नकोस. या महिन्यात तीनदा समज दिली. निघण्याआधी काचा, दिवे आणि नंबर प्लेट झाडायची. कायदा आहे. तिन्ही वेळा यांची मागची प्लेट टोफूसारखी पांढरीफेक! एक अक्षर दिसेल तर शपथ. असा बेफिकीर माणूस उद्या म्हाताऱ्याला उडवणार नाही तर काय!"

डॉक्टर क्यान दवाखान्यात पुस्तकं खोक्यात भरत होत्या. कोट अंगात होता, पण पेशंट एकही नव्हता.

"ये गं, भाषणवाली! गुडघे काय म्हणतात?"

"तुम्ही का भरताय हे? अजून सभा व्हायचीय."

"आधी भरून ठेवलं की निकाल ऐकताना हात रिकामे राहतात. चहा पिता येतो." त्या हसल्या, पण हसू ओठांवरच राहिलं. गेल्या गुरुवारी चारला त्या वरच्या वाडीत एका आजींकडे होत्या. आजींना काल काय जेवलो तेही आठवत नाही, मग साक्ष कुठली.

"दोबाशीसाहेब म्हणतात तुम्ही प्लेट झाडत नाही."

"झाडते गं बाई! हे बघ." खिडकीत चक्क एक दात घासायचा ब्रश होता. "घरून झाडून निघते आणि दहा मिनिटांत पुन्हा पांढरी. मागच्या चाकांचा धुरळा सगळा तिथंच बसतो. गाडीवाला म्हणाला, नव्या गाड्यांचे दिवे एलईडी, म्हणजे थंड. उजेड देतात, ऊब देत नाहीत. आमच्याकडे दक्षिणेत, ओकिनावात, बर्फच नाही; दिव्यानं तो वितळवायचा असतो हे कुणाला ठाऊक!"

कोतोने बाहेर पडली तेव्हा माओ आणि रिसा दारात नाचत होत्या, थंडीनं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या त्यांचे दिवे थंड आहेत." कोतोने दोन पावलं चालली आणि मधेच उभी राहिली. "ए. पूर्ण पांढरी. दोबाशीसाहेब म्हणाले तिन्ही वेळा पूर्ण पांढरी. मग त्या दिवशी ती अर्धी कशी?"

४

गुरुवारी चारला तिघी सहकारी दुकानाच्या वाहनतळावर हजर. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मागे तिघी अशा वाकून बघत होत्या की एका आजोबांनी विचारलं, "पोरींनो, काही हरवलंय का?" रिसा म्हणाली, "अक्षर, आजोबा," आणि आजोबा डोकं हलवत आत गेले.

"कुणी हातानं अर्धीच पुसली असेल," माओ म्हणाली.

"पुसणारा आकडा ठेवून डावीकडचं एक अक्षर कशाला पुसेल? आणि पुसलेला पत्रा कोरडा दिसतो. बाई म्हणाल्या ओला होता, चमकत होता."

तेवढ्यात पोस्टातले हामायाकाका आले. त्यांची गाडी पांढरी, लहान, 'ने'ची. रिसानं माओचा हात इतका जोरात दाबला की ती ओरडली. पण कोतोने प्लेटकडेच बघत राहिली. सगळीकडे बर्फ, मधे दोन गोल खिडक्या वितळलेल्या. प्लेटनं चष्मा घातल्यासारखं. प्रत्येक खिडकीच्या बरोबर वर एकेक पिवळा बारका दिवा.

"काका, हे दिवे जुने?"

"गाडीच जुनी, मग दिवे काय नवरीचे असणार? जुन्या दिव्याला बोट लावून बघ, कोमट असतो. तेवढ्यावर इथला बर्फ पाघळतो. नंबर दिसतो, साहेब ओरडत नाही."

कोतोनेच्या डोक्यात खट्कन खुंटी बसली. ती बोटांवर मोजत सांगायला लागली आणि सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला. "प्लेटवर दिवे दोन. दोन्ही जुने तर चष्मा. दोन्ही नवे तर टोफू. क्यानबाईंची गाडी नवी, म्हणून दरवेळी टोफू. तिच्यावरचं अर्धं अक्षर ओलं होऊन चमकणं शक्यच नाही! बाईंना दिसलं ते फक्त डावीकडचं, पाघळलेलं. म्हणजे त्या गाडीचा डावा दिवा गरम आणि उजवा थंड. एक जुना, एक नवा!"

"वा गं माझी राणी!" माओनं तिला मिठीच मारली.

"नाहीतर उजवा जळालेला," रिसा म्हणाली. ती नेहमी अशी मधे पाय घालायची.

"कसंही असो, क्यानबाईंची ती नव्हे."

गावात 'ने'च्या पांढऱ्या लहान गाड्या किती? हामायाकाकांनी टोपी मागे सारून हिशेब केला. एक त्यांची स्वतःची. एक गोड पदार्थांच्या दुकानातल्या यासुईआजींची, पण तिचे दोन्ही दिवे गॅरेजवाल्यानं मागच्या महिन्यात नवे बसवले आणि आजी तेव्हापासून त्याला शिव्या घालतायत. "आणि तिसरी…" काका थांबले. मग हसून म्हणाले, "छे, तिसरी तर कोतोने, तुमचीच."

तिघी खो खो हसल्या. मोजणारा स्वतःला मोजायला विसरतो, तसंच झालं होतं!

"पण काय गं," काका पिशव्या डिकीत ठेवत म्हणाले, "एक दिवा गेला म्हणून एकच बदलायचा आणि दुसरा चालतोय तोवर चालवायचा, असा काटकसरी माणूस आपल्या गावात आहे कोण?"

माओ हसत होती. रिसा हसत होती. कोतोनेचं हसू मधेच कुठंतरी राहिलं.

नोव्हेंबरात, पहिला बर्फ पडला त्या रविवारी, गाडीमागे कुणीतरी गुडघ्यांवर बसलं होतं आणि म्हणत होतं, "चांगला चालणारा दिवा फेकायचा? पाप लागेल." आणि विजेरी धरली होती कोतोनेनंच.

५

ती घरापर्यंत धावत गेली नाही. इतकी हळू ती आयुष्यात कधी चालली नसेल.

गाडी पत्र्याखाली उभी होती. किल्ली नेहमीच्या खुंटीवर. तिनं दिवे लावले आणि मागे येऊन उभी राहिली. डावा पिवळा. उजवा निळसर पांढरा. तिनं हातमोजा काढून आधी डाव्याला बोट लावलं, मग उजव्याला.

अक्षर 'ने'. शेपटीची गाठ स्वच्छ दिसत होती. सगळा आकडाही. कारण बाबा हल्ली रोज सकाळी काचेच्याही आधी नंबर प्लेट झाडायचे. त्यावरून तिनं त्यांची थट्टासुद्धा केली होती, "दोबाशीसाहेबांना घाबरलात वाटतं!" कधीपासून झाडत होते? तिनं मागे मोजलं. शुक्रवारपासून. गेल्या शुक्रवारपासून.

स्वयंपाकघराच्या खिडकीत आई दिसत होती. आईनं तिला पाहिलं, दिवे पाहिले, आणि हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. "काय करतेस तिथं?" असं तिनं विचारलं नाही.

तेव्हाच कोतोनेला कळलं की आईलाही माहीत आहे.

६

सॅमन माशाचं कालवण मधे उकळत होतं. कुणी वाढून घेत नव्हतं.

"वळणावर गाडीची शेपूट सटकली," बाबा म्हणाले. मुराओका टँकरवाला म्हणून तालुक्यात प्रसिद्ध, एकोणीस वर्षं गोठ्या-गोठ्यातून दूध गोळा करणारा माणूस, आणि आत्ता त्याला भांड्यातला चमचा सापडत नव्हता. "धप्प झालं. वाटलं रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगाला लागली. आरशात पाहिलं तर नुसता धुरळा. तुझी शप्पथ कोतो, मला माणूस दिसला नाही."

"नंतर कळलं ना पण."

"रात्री हिनं सांगितलं, काकुताकाका पडले, चार वाजता, शाळेपाशी. मी उठलो. कोट घेतला. एक बाही घातलीसुद्धा." ते स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होते. "तेवढ्यात शेजारच्यांचा फोन. गाडी सापडली म्हणे, 'वा'ची होती, डॉक्टरीणबाईंची. मी म्हटलं, म्हणजे आपली नव्हतीच. मला फार बरं वाटलं गं. बाही काढून टाकली."

"पण सकाळी प्लेट झाडलीत."

बाबांनी समोरची रिकामी वाटी पलीकडे सारली.

"ओरडू नकोस त्यांना," आई म्हणाली. कोतोने ओरडली नव्हतीच. "रात्री दोन-दोनदा उठून दारात जाऊन उभे राहतात. लायसन्स गेलं की टँकर गेला. टँकर गेला की तुझं सप्पोरोचं कॉलेज गेलं. आम्ही काय आमच्यासाठी गप्प बसलो?"

हे खरं होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. क्षणभर कोतोनेला वाटलं, आपण दिवे लावलेच नसते तर? पैज हरलो असतो, आठवडाभर बुटांतला बर्फ झाडला असता तर?

"त्या बाई शिकलेल्या आहेत," आई पुढे म्हणाली, पण आता तिचा आवाज स्वतःलाच पटवत होता. "त्यांना कुठंही दवाखाना मिळेल."

"मिळेल की. पण म्हाताऱ्याला उडवून पळाली, ही पाटी त्या कुठं झाडतील, आई?"

आईनं गॅस बंद केला. उकळणं थांबल्यावर घर एकदम फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

"तू कुणाला सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"कुणालाच नाही. माओ-रिसाला उद्या दुपारपर्यंत कळेल. त्या काही मूर्ख नाहीत. हामायाकाकांना कदाचित आत्ताच कळलं असेल."

"मग… काय करायचं म्हणतेस?"

हा प्रश्न बाबांनी तिला आजवर कधी विचारला नव्हता. मांजराचं नाव ठरवतानासुद्धा नाही. कोतोनेचे गुडघे टेबलाखाली थाडथाड कापत होते. तिनं त्यांना कापू दिलं.

"उद्या सकाळी मी चौकीत जाणार आहे," ती म्हणाली. "डाव्या-उजव्या दिव्याचं सगळं सांगणार आहे. संध्याकाळच्या सभेआधी. कॉलेजचं नंतर बघू. एक वर्ष उशिरा जाईन, नाहीतर दूध गोळा करीन. बाबा, गाडीनं चौकी दहा मिनिटांवर आहे. चालत पाऊण तास लागतो." तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मी सात वाजता निघणार. आणि मी चालत जाणार."